नऊ तास चाळीस मिनिटं

व्याहीबुवा,

आदरपूर्वक नमस्कार. आपला गुडघा आणि विहीणबाईंचा रक्तदाब हे दोघे सध्या कमी कुरकुरत असतील असं समजतो. मी मुलांकडून परत आलो. प्रवास कसा झाला ते सविस्तर सांगा, असं आपण निघताना बजावलं होतंत, म्हणून हा पत्रप्रपंच.

तिकीटवाला म्हणाला होता, सात हजार दोनशे किलोमीटर, नऊ तास चाळीस मिनिटं. बस आगारात एकतीस वर्षं वेळापत्रकं लावलेला मी माणूस, छापील वेळेवर माझा पूर्ण विश्वास (मी स्वतः छापलेली सोडून). पण हा हिशेब थेट विमानाचा निघाला आणि माझ्या तिकिटात मधे विमान बदलायचं होतं. विमानतळावर तीन तास आधी हजर (इतका आधी मी स्वतःच्या लग्नालाही पोचलो नव्हतो). तिथे बूट काढा, पट्टा काढा. एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने पासपोर्ट दाखवताना वाटलं, बरं झालं, हे बघायला आमची ही राहिली नाही. शेजारचा गृहस्थ उडण्याआधीच माझ्या खांद्यावर झोपला. समोरच्या पडद्यावर अंतर कमी होत होतं आणि वेळ मात्र वाढत होता! आमच्याकडे असं झालं असतं तर चालकाला मेमो दिला असता. हवाईसुंदरीला विचारलं, तर म्हणाली, "काका, समोरून वारा आहे." वाऱ्याला मेमो कोण देणार? पुढचं विमान अर्थातच चुकलं. अकरा तास एका बाकावर बसून काढले, त्या बाकाला मधे मधे हात होते, म्हणजे माणसाने आडवं होऊ नये ही पक्की सोय. दारापासून दारापर्यंत एकूण एकतीस तास लागले.

मुलगा न्यायला आला होता. थोडा वाळलाय. आपली लेकही भेटली, तिने चहा केला. दोघंही प्रकृतीने ठीक आहेत. हवा थंड आहे.

आपला,
व्याही

ता. क. : दोघांना मी वेगवेगळ्या घरी भेटलो. मुलाच्या टेबलाशी एकच खुर्ची होती. विचारलं तेव्हा म्हणाला, "बाबा, ती चार महिन्यांपासून दोन गल्ल्या सोडून राहते." मी एकटाच चालत गेलो. मला दारात बघून ती आधी रडली, मग म्हणाली, "आमच्या बाबांना सांगायचा धीर होत नाही. तुम्ही सांगाल?" हो म्हणून बसलो. भांडण कशाचं, ते दोघांनीही सांगितलं नाही. कागद पुढच्या महिन्यात होतील.

पुन्हा ता. क. : हे पत्राने कळवायची गोष्ट नव्हे, मला समजतं. येऊन आठ दिवस झाले. दोनदा आपल्या थांब्यावर उतरलो. एकदा आपण गॅलरीत पेपर वाचताना दिसलात, तसाच उलट्या बसने घरी आलो. विहीणबाईंना आपणच सांगा. आणि जमलं तर नंतर माझ्याकडे या. रागावायचं असेल तरी या. मी घरीच आहे.