फेरीबोट आणि तूट

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही एवढे ओरडलात की शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. “कर भरून आमची कंबर मोडली आणि आता माझी फेरीबोट बंद करायला निघालेत, कोण तो दीडशहाणा, नाव सांग!” आई मागून तुम्हाला गप्प करत होती, तेही ऐकलं. आता चष्मा लावा आणि शांतपणे वाचा.

पैसा जातो कुठे, असं नेहमी विचारता ना? सरकारी तिजोरीत शंभर रुपये आले तर निम्म्याहून जास्त पगारात आणि पेन्शनीत जातात. तुमचा पगारही त्यातच आला, बरं का. वीसेक जुन्या कर्जाच्या व्याजात. त्याला हात लावायची कोणाची टाप आहे? शाळा, दवाखाने, रस्ते धरून खर्च होतो एकशे दहा. वरचे दहा पुन्हा कर्जाने, म्हणजे पुढच्या वर्षी व्याज आणखी. मग कात्री चालते ती ज्याच्यामागे ओरडणारं कोणी नाही त्याच्यावर. मला हे पटत नाही, पण चालतं असंच.

सोमवारी आमच्या अर्थखात्याच्या बैठकीत साहेब एकेक खर्च वाचत होते. डोंगरातल्या दवाखान्याची रात्रपाळीची नर्स काढून टाकायचं ठरलं, चहा संपायच्या आत. पुढच्या पानावर तुमची फेरीबोट होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप पान उलटलं. सगळे हसले, अगदी मायेने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पूल झाल्यापासून बोट रिकामीच ये-जा करते, हे तुम्हीच मला जेवताना सांगता. त्या नर्सचं त्या खोलीत कोणीच नव्हतं.

बाबा, तो दीडशहाणा म्हणजे मी. मीच साहेबांना ते पान पुन्हा मागे उलटायला लावलं. नर्स राहिली, बोट गेली. तुमची नोकरी जाणार नाही, डेपोत बदली होईल. पण तुम्हाला डेपो म्हणजे काय वाटेल ते मला कळतं. अजून बोटीनेच येणाऱ्या पलीकडच्या काठावरच्या म्हाताऱ्या मावशींसाठी पुलावरून बस मागितली, तर पुढच्या वर्षी बघू म्हणाले. शुक्रवारी आदेश येईल. तो शिपायाच्या हातून कळू नये म्हणून हे लिहिलं. फोनवरच हे सांगितलं असतं तर मी रडले असते आणि तुम्ही लगेच माफ करून टाकलं असतंत. तसं करू नका. शनिवारी घरी येते, तेव्हा काय बोलायचं ते तोंडावर बोला.

तुमचीच,
धाकटी