चावी मालकाच्या हातूनच देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगर पंचायत कार्यालय, पळसघाट,
जि. गडचिरोली.

विषय : मुक्कामी घराच्या परवान्यात, पाहुण्यास चावी मालकाने समक्ष द्यावी अशी अट घालण्याबाबत.
संदर्भ : परवाना नूतनीकरणाबाबत आपली सूचना, दि. ३ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

मी खाली सही करणार झिंगू चैतू कुमरे, सेवानिवृत्त वनरक्षक, वय ६६, रा. नदीकाठ वॉर्ड, सविनय कळवितो की,

१) निवृत्तीच्या पैशातून मी वैनगंगेच्या काठावर माझ्या घरासमोर दोन खोल्या बांधल्या. त्या एक-दोन दिवसांच्या मुक्कामास देण्यात येतात. मी मागच्या खोलीत राहतो. पत्नी मंगली वारल्यापासून घर खायला उठत होते. पाहुणे येतील, चार शब्द बोलतील, एवढाच माझा हेतू होता. नफ्याचा हिशेब मुलाचा आहे.

२) मुलगा प्रफुल्ल पुण्यात राहून मोबाइलवर बुकिंग घेतो. आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी लोटाभर पाणी, मग नाव-गाव. त्या रीतीने मी पहिल्याच पाहुण्यांकडे पाणी घेऊन गेलो व ते बसा म्हणाले नाहीत तरी बसलो. वाघाच्या तीन हकिगती सांगितल्या. चौथी सुरू असताना त्यांनी दिवा मालवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाइलवर तक्रार लिहिली. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, तुमी समोर नका जाऊ. त्याईले आवडत नाई." त्यानंतर दाराला आकड्यांचे कुलूप बसले. आता पाहुणे आकडे दाबून आत जातात आणि तसेच निघून जातात.

३) कुलूप बसल्यापासून अकरा महिन्यांत सत्तेचाळीस मुक्काम झाले, मी एकाचेही तोंड पाहिलेले नाही. मात्र तेहतीस वर्षे जंगलात माग काढल्याने सवय जात नाही. रोज सकाळी अंगणातील मातीवरून नोंद घेतो. उदा. दि. १२ ऑक्टोबर : पुरुष एक, डावा पाय ओढत, बाई एक, मूल एक. नदीकडे जाताना तिघांचे माग, परत येताना दोघांचेच, पुरुषाची टाच खोल. सबब मूल झोपल्याने खांद्यावर आणले. नोकरीत वाघसुद्धा वर्षातून दोन-चारदा समोर यायचा, साहेब. नोंदवही सोबत जोडली आहे.

४) खात्रीसाठी मी गेल्या महिन्यात शेजारच्या बांगडीवाल्या उमेराबाईंच्या मोबाइलवरून माझीच खोली एका दिवसासाठी घेतली. नाव माझेच दिले. लगेच उत्तर आले, "झिंगूजी, आपले स्वागत आहे. काही लागल्यास निःसंकोच सांगा." मुलाने लिहिले समजून मला फार आनंद झाला. फोन लावला तर म्हणाला, "बाबा, ते आपोआप जाते. मी पाह्यलंच नाई." तरी पैसे भरले होते म्हणून पिशवी घेऊन समोरच्या दाराने आत गेलो व दिवसभर राहिलो. निघताना अभिप्राय मागण्यात आला. मी लिहिले : खोली स्वच्छ आहे, मालक भेटले नाहीत.

५) तरी नवीन परवान्यात, चावी मालकाने हातात द्यावी व पाहुण्याने किमान पंधरा मिनिटे बसावे, अशी अट घालावी. पंधरा नियमात बसत नसतील तर दहा चालतील. पाचही चालतील. मी हकिगती सांगणार नाही, असे लेखी देण्यास तयार आहे.

६) सदर अट मालकाच्या मुलासही लागू करावी. त्याला कुलपाचे आकडे पाठ आहेत, पण दोन वर्षांत तो आलेला नाही.

उत्तर टपालाने न पाठविता कोणाहाती पाठवावे, ही विनंती.

आपला नम्र,
(सही)
झिंगू चैतू कुमरे
पळसघाट, दि. १० नोव्हेंबर २०२५