गार पाण्याची खूण

तिकोणा पेठ,
ता. १४ नोव्हेंबर २०२५

सौ. सरूवन्संना येसूबाईचे अ. उ. आ. रीत हाय म्हणून लिवलं.

बारशाला सगळ्यात आदी तुमी आलात, आदल्या दुपारीच, आन भांडून सगळ्यात आदी गेलातबी तुमीच. फोनवर तुमाला धड ऐकू येत न्हाई, आन हे तुमी ऐकायलाच पायजे, म्हणून कागद घिऊन बसले. पप्पू जीप घिऊन लोणावळ्याला निघालाय, त्याला चा दिऊन थांबवलाय.

तुमी बाळासाठी विणून आणलेली लोकरीची शाल लय गोड व्हती. सकाळी आमच्या नातवानं, आदिनाथनं, तिच्यावर बासुंदी सांडली. चार वर्साचं पोर, त्याला काय बोलायचं. तुमच्या भावानंच त्याला वाटी दिलती, त्यांनाबी मी सोडलं न्हाई. मग शाल मशीनमदी मीच टाकली. त्या मशीनवरचं आकडं मला वाचता येत न्हाईत, म्हणून आमच्या सुनंनं, सविताबाळीनं, बटनापाशी दोन खुणा करून दिल्यात. एक कढत पाण्याची, लंगोट-चादरींला. एक गार पाण्याची, लोकरीला. पाणी मशीन सोताच तापवतं, तेबी एवढंसं, तेवढ्यात आमी पाय धुतो. मी गारेच्या खुणंवर बटन फिरवलं. शाल भाईर आली ती आटून पापडावानी, बाळाचं एक तंगडं झाकंल एवढी.

तर तुमी पन्नास माणसांत म्हणालात की सवितानं मुद्दाम खुणा फिरवल्या, तिला सासरच्या हातची वस्तू नको व्हती. ती म्हणाली मी बरोबर लावल्यात. कुणी ऐकलं न्हाई. मीबी गप बसले, त्याचा राग येगळाच हाय. तिचा बाप तिला आन बाळाला घिऊन घोरावाडीला गेला. आमच्या बाजीरावाला बहीण न्हाई, म्हणून त्याच्या लेकीच्या कानात नाव सांगायचा मान तुमचा. आन तुमीच पाळणा रिकामा केलात. पोरगी बिननावाची ऱ्हायली. लय गोरीगोमटी हाय वो, जांभई दिती तवा सगळं त्वांड गोल व्हतं.

आता खरं सांगा, गार पाण्यात लोकर आटती का.

लोभ असू द्या, रागाचं मी बघते.

येसूबाई


भुशी, लोणावळा,
ता. १७ नोव्हेंबर २०२५

ती. येसूवहिनींस सरूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकं तापलं. गार पाण्यात लोकर आटत नाही. तीस वर्षं विणतेय, मला शिकवू नका. म्हणजे पाणी कढतच होतं, आणि खुणा करणारी तुमचीच सून. पावसाळाभर धरणावर पर्यटकांचा गोंगाट आणि आत मी दार लावून टाके मोजत होते, ते याच्यासाठी का?

तुमच्या घरात वस्तू जागेवर नसतात, हे मी भाऊंना कितीदा सांगितलंय. बारशाच्या सकाळीच बघा. तोंड धुताना माझी टिकली वाहून गेली. आरशावर शोधली तर एक नाही, आणि मशीनवर मात्र दोन चिकटवलेल्या. आधी हिरवी लावून पाहिली, लाल साडीवर शोभेना. मग लाल घेतली आणि हिरवी परत चिकटवून टाकली. आमच्याकडे बायका टिकल्या आरशावर ठेवतात.

सवितानं कबूल करावं, मी नाव ठेवायला येते. मोठ्यांची माया आहेच, ती आटलेली नाही.

सरू


तिकोणा पेठ,
ता. १९ नोव्हेंबर २०२५

सौ. सरूवन्संना अ. उ. आ.

वन्सं, त्या टिकल्याच खुणा व्हत्या. लाल कढताची, हिरवी गारेची. तुमी लाल कपाळाला लावलीत आन हिरवी तिच्या जागी चिकटवलीत. बाजीरावाला मशीनपाशी नेऊन हिरवीपाशीचा आकडा वाचायला लावला. म्हणाला, साठ हाय, ह्यात लोकर शिजती. माझ्या तव्यावरची भाकरी करपली, एवढा आनंद झाला मला, आन तेवढाच संताप. सविता खरं बोलत व्हती.

मीबी आंधळीच. हिरवी दिसली, फिरवलं. लाल कुटं गेली ते बघितलं न्हाई. ते मी तिला फोनवर सांगितलं. बाजीरावबी जाऊन आला, एकलाच परत आला. तुमी मला माफीचं पत्र लिवू नका, चुलीत घालंन. लोणावळ्यातनं लोकलनं घोरावाडी लय लांब न्हाई. नीट जावा, गुडघ्याला तेल लावून जावा.

भेटायची वाट बघते, पर आदी तितं जाऊन या.

येसूबाई


भुशी, लोणावळा,
ता. २४ नोव्हेंबर २०२५

ती. येसूवहिनींस सरूचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस तुमच्यावरच चिडले होते. मशीनवर टिकल्या लावतं का कुणी? तिसऱ्या दिवशी गेले.

विहीणबाईंनी पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. बरोबरच केलं. सविता स्वयंपाकघरातल्या दोरीवर लंगोट वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं, चूक माझी म्हटलं. ती म्हणाली, आत्या, तुम्ही इथं स्वयंपाकघरात सांगताय, ते मला नको. ज्या पन्नास माणसांत मला खोटी ठरवलंत, त्यांच्यापुढं सांगा, मग माझ्या लेकीच्या कानात नाव सांगा. मला राग आला, मग कळलं की मीही हेच म्हणाले असते. हो म्हटलं. तेव्हा तिनं बाळ माझ्याकडे दिलं.

तर वहिनी, त्या दिवशीची माणसं सगळी बोलवा. एकही कमी नको, ती पारावरची तोंडाळ मुक्ताबाईसुद्धा. मी उभी राहून सांगेन. तुम्ही शेजारी उभ्या राहा, एवढंच मागणं.

सरू

ता. क. घोरावाडीची मंडळी बाळबाळंतिणीला घेऊन रविवारी, तीस तारखेला येतो म्हणालीत.