शेवया आधी घातल्या

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

रविवारी हंसाला बघायला येणार. नायगावचा जयराम – पहिली बायको वारली, मूल नाही. सोबत त्याची मावशी.

हंसा माझी नणंद. छत्तीस वर्षांची. ती गेली तर सासूबाईंचं कोण करणार? दोन वर्षं अंथरुणाला खिळल्यात. भरवणं, पुसणं, कूस बदलणं – सगळं हंसा करते. माझा नवरा भूपेश मोजे काढता काढता म्हणाला, "तू नोकरी सोडशीलच ना."

नाही सोडणार.

शनिवार, ८ फेब्रुवारी

या घरात पाहुण्यांना मुलीच्या हातचं काहीतरी गोड द्यावं लागतं. हंसाला कालवण-भात येतो, गोड नाही. "वहिनी, झटपट होईल असं शिकवा ना."

शिकरण शिकवलं. पिकलेली वेलची केळी, नारळाचं दूध, गूळ, वेलदोडा. वर तुपात तळलेल्या शेवया. दहा मिनिटांत झालं. कुरकुर वाजत होत्या दाताखाली. तिने डोळेच मिटले.

"शेवया कधी घालायच्या?"

"तासभर आधी. मुरू दे."

वहीत लिहून घेतलं तिने!

रविवार, ९ फेब्रुवारी

लगदा झाला. मावशीने चमचा वर उचलून धरला. "हे काय गो, आजाऱ्याचं जेवन?" भूपेश हसला. मीही. हंसा ट्रे धरून उभीच. जयरामने मान खाली घालून वाटी संपवली – भूक असेल.

उरलेलं हंसाने सासूबाईंना भरवलं. त्यांना दात नाहीत. "ग्वाड हाय. रोज करीत जा."

रोजच करणार आहे ती.

सोमवार, १० फेब्रुवारी

मावशीचा फोन. नकार. हंसा नळ सोडून बाथरूममध्ये रडली. पाणी किती वाया गेलं! मी वेळेवर ऑफिसला पोचले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

हंसा म्हणाली, "माझंच चुकलं, वहिनी. तुम्ही एवढं शिकवलंत."

म्हटलं, "एकेकीला हातच नसतो."

छान झोप लागली.

रविवार, २३ फेब्रुवारी

नकार मावशीचा होता. जयरामचा नव्हता. आज एकटाच आला. दारातच उभं राहून हंसाला विचारलं – आम्हा कुणाला नाही. तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "आईचं कोन करील?"

आतून सासूबाई ओरडल्या – "सून कशाला आनली?"