हॅकर आणि सव्वा मूठ गहू

१ जुलै
संकल्प: कुणावरही विश्वास ठेवायचा नाही. स्टार्टअप म्हटलं की हॅकर टपलेलेच. माझं 'धोटा' ॲप पॉवरलूमच्या कारागिराला रिकामं मशीन शोधून देतं. पासवर्ड ठेवला कानबाई, आम्हा खानदेशींची देवी. सुरतेतल्या या अख्ख्या खानदेशी गोडादऱ्यात कुणाला सुचणार नाही. फक्त अक्षयला सांगितला. तो पार्टनर, शिवाय माझ्या मामाच्या गावचा.

६ जुलै
अक्षयने आतली बातमी दिली. एक छोटी कंपनी 'धोटा' विकत घेणार, बोलणी तोच बघतोय; तिचे शेअर आत्ताच घ्यावेत. लगेच भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकलं. धुरपदाकाकूंनी तर पाटल्या मोडल्या! बायको विचारते, कागद बघितलेत का? सुषमाला बिझनेसमधलं काय कळतं.

१५ जुलै
शेअर रोज वर. भाऊबंद मला शेठ म्हणतात. सुषमाने मात्र एकही घेतला नाही. घरातच फितुरी? तिचा फोन रोज तपासणे.

१९ जुलै, दुपारी
अक्षयने ओटीपी मागितला. म्हणे, हॅकर घुसतायत, दार बंद करतो. दिला. दुसरा मागितला, तोही दिला. याला म्हणतात चपळाई.

२२ जुलै
ॲप उघडेना. शेअर आपटला, विकायला गेलो तर घेणारा नाही. हॅकरच! अक्षयचा फोन बंद. बिचाऱ्याला उचललं की काय?

२५ जुलै
सायबर पोलिसांत अक्षय हरवल्याची तक्रार दिली. साहेब आधी हसले. मग सांगितलं, कंपनी पोकळ. शेअर अक्षयच्याच टोळीने फुगवला, आम्ही घेत होतो तेव्हा तो विकत होता. ॲपही त्याने आपल्या नावावर करून घेतलं. विचारलं, मग हॅकर कोण? म्हणाले, दरवाजो तो तमेज खोल्यो. म्हणजे दार मीच उघडलं.
मामाच्या गावचा माणूस! त्याच्या लग्नात मी वाढपी होतो. जेवण गेलं नाही.

२ ऑगस्ट
उद्या कानबाईचा सण. रोटाच्या नैवेद्यासाठी काकू दरवर्षी कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढतात. बळीराम झाला, चिंधा झाला, दत्तूचं तान्हं पोरसुद्धा झालं. माझं नाव येईना. वयाने विसरल्या असतील म्हणून पुढे सरकून बसलो. तीनदा खाकरलो. शेवटी विचारलं.
काकूंचे हात पाटल्यांविना मोकळे होते. म्हणाल्या, तुन्ही मूठ अक्षय लई गया, योगराज.
सुषमाने पिशवीतून घरचे गहू काढले. सव्वा मूठच होते. म्हणजे काकू मला वगळणार हे हिला आधीच कळलं होतं, आणि मी पंधरा दिवस हिचा फोन तपासत होतो.
काकूंनी तेही घेतले नाहीत.