पुलावर राख टाकायची नाही

वरचं घर, पिझ वेल्या
११ जुलै, सकाळी

मेंगियाताईस,

कुर्दिनचा नमस्कार, आणि लादिनाला एक गालगुच्चा. तुम्ही दोघी बऱ्या असाल. इथे छप्पर बरं आहे, बकऱ्या बऱ्या आहेत. चूल धूर काढते, पण ती तू लहान असल्यापासून काढते, म्हणजे तीही बरीच म्हणायची.

तुझं कार्ड मिळालं. बाझलच्या नदीचं चित्र छान आहे. मागे तीनच ओळी. ऑगस्टात बाल्झरला वर्ष होईल त्या दिवशी लादिनाला घेऊन मोठ्या नळीपर्यंत येईन. बर्फ कसा, वाट कशी ते कळव. बाबा वर असतील तर येणार नाही. मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, कोपऱ्यात आणखी काही आहे का. नव्हतं. फोनच केला असता, पण गेल्या खेपेला मी नुसतं "ताई" म्हणालो तर तू "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलास. पत्र निदान हातात तरी धरावं लागतं. फाडायचं असलं तरी आधी धरावं लागतं.

तर बर्फ. या वर्षी मुळात कमी पडला. त्यात मार्चमध्ये दक्षिणेकडून वारा आला तो सगळी वाळवंटाची धूळ घेऊन, आणि आख्खा डोंगर विटेच्या रंगाचा झाला. मी तेव्हा इथे नव्हतो, स्पेनमध्ये संत्री तोडत होतो, पण धूळ तिथेही आली होती. आमचा मुकादम म्हणायचा, आकाश गंजलंय. असो. मळलेला बर्फ ऊन पितो, हे तुला मी काय सांगू. गायरानापासून दगडांच्या राशीपर्यंत वाट कोरडी आहे. राशीपासून पुढे दोन कड्यांमधल्या नळीत बर्फ, थेट खिंडीपर्यंत. सकाळी फरशीसारखा कडक, बुटांना काटे लावल्याशिवाय पाय ठरत नाही. ऊन चढलं की लापशी. आणि दुपारी डाव्या कड्यावरून दगड सुटतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या बर्फाने या वर्षी लवकर हात सोडले.

लोक मात्र येतात. परवा एक बेल्जियन आला, लालबुंद, डोक्यावर ओला रुमाल. म्हणाला, "शिखराची वाट कशी आहे?"

म्हटलं, "पायात काय आहे त्यावर."

"सँडल."

"मग वाट खाली जाते."

माणूस चांगला निघाला. हसला, बिअर घेतली, दोन दिवस राहून बटाटे सोलून दिले. त्याच्या बायकोने त्याला सोडलंय आणि तो तिचाच रुमाल डोक्याला बांधून फिरतो. बघ, कुठून कुठे गेलो. मास्तर म्हणायचे तेच खरं, हा पोरगा दुसऱ्या ओळीवर पोचेपर्यंत पहिली विसरतो.

राखेचं तू विचारलं नाहीस. पण वाट म्हणजे राख आलीच.

या वर्षी राख मी टाकली. बाबांचा गुडघा दुखतो म्हणून. हिवाळाभर चुलीतली राख डब्यांत साठवलेली होतीच, ती पाठीवर टाकून नळीत गेलो. धुक्यात माणसाला पांढऱ्यावर पांढरं काही दिसत नाही, काळी रेघ दिसते, म्हणून टाकायची, एवढंच मला ठाऊक होतं. मी टाकली ती अशी, की खालून दुर्बिणीने पाहून बाबांनी फोनवर शिव्या घातल्या.

"कुर्दिन, रस्ता करतोयस का डांबरी? राख म्हणजे मीठ. चव येईल एवढीच."

"आणि पुलापाशी?"

"पुलापाशी हात खिशात."

तुला हे पाठ आहे, मला नव्हतं. ओढ्यावर जिथे बर्फाची कमान असते, तोच पूल, तिथे राखेची रेघ थांबवायची. अलीकडे एक लाल फडक्याची काठी, पलीकडे एक, मधे सगळं कोरं. राख ऊन ओढून घेते आणि बर्फ वरून खाते, खालून ओढा खातोच. दोघं जेवायला बसले की कमान किती पुरणार?

मी दोन काठ्या लावल्या. मधे कोरं ठेवलं.

दुपार

मधे उठावं लागलं. दोन पोरी खिंडीतून उतरल्या, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, त्यांना सार आणि पाव दिला. एकीने विचारलं, ती काळी रेघ कोणी आखली हो, देव भलं करो त्याचं. मी म्हटलं, बाबांनी.

ताई, गुडघा नाही. मलाही फोनवर गुडघाच सांगितला होता. एप्रिलमध्ये संत्र्याच्या बागेतल्या चौकीवर त्यांचा फोन आला. आयुष्यात त्यांनी मला पहिल्यांदा फोन केला असेल. म्हणाले, "येऊन जा. गुडघा दुखतो, राख कोण टाकणार?" मला वाटलं, म्हाताऱ्याला माझी आठवण आली, पण तसं बोलवेना. आलो तर ते गावातल्या घरी खिडकीपाशी पलंग ओढून पडलेले, आणि डोळे पिवळे. यकृतात आहे. डॉक्टरीणबाई खालून येऊन, बघून सांगून गेल्या, आता कापण्यासारखं काही नाही. दुर्बीण मी आलो त्या आठवड्यात त्यांना उचलता येत होती. आता येत नाही. शेजारची नेसामावशी सकाळ-संध्याकाळ बसते आणि त्यांना नावाने हाक मारून रागावते. "दुरी, दोन घास खा, तुला नाही तर मला तरी पुण्य लागू दे."

म्हणजे तुझ्या तिसऱ्या ओळीचं उत्तर असं आहे, की बाबा वर नसतील. या ऑगस्टात नाहीत आणि पुढच्याही नाहीत.

हे एवढंच लिहून मी पाकीट बंद करायला हवं होतं. त्यांनी मला शपथ घातली आहे की आजाराचं ताईला कळवायचं नाही, आणि दुसरं तर मुळीच नाही. मी घेतली शपथ. माझ्या शपथा तुला माहीत आहेत. शाळा सोडणार नाही अशीही एक घेतली होती.

आता दुसरं.

गेल्या ऑगस्टात बाल्झरदाजी गेले तेव्हा मी नॉर्वेत मासळीच्या बंदरात होतो, आलो तो माती झाल्यावर. म्हणजे मला जे माहीत आहे ते तुझ्याकडून आणि गावाकडून. राखेची रेघ पुलावरून सरळ आरपार गेली होती. दाजी वाटाड्या म्हणून पुढे होते, मागे दोरावर माणसं, पूल खचला, दाजी ओढ्यात. वरून खरवडत आलेल्या बर्फाने सगळं बुजलं. मागच्यांनी दोर धरून ठेवला, म्हणून ते वाचले आणि दाजी निदान हाती लागले. चौकशीला साहेब आला आणि त्याने विचारलं, राख कोण टाकतं? बाबा म्हणाले, "मी टाकतो." पुलावर? "मीच." आणि तू स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुम्ही माझा माणूस खाल्लात." आणि लादिनाचे बूट घेऊन गेलीस. दुसरे बूट. पायातले ती घालूनच होती.

मागच्या शनिवारी मी काठ्या बघायला गेलो. पूल पडला आहे, आता तिथे ओढा उघडा वाहतो. गेल्या उन्हाळ्यात बर्फाचा जो ढीग वितळलाच नव्हता तो या वर्षी धुळीने वितळवला. आणि ओढ्याच्या कडेला दगडांत तुझी किटली होती.

निळी, दुधाची. कडीला तू लाल लोकर गुंडाळली होतीस, हाताला गार लागू नये म्हणून, ती अजून आहे. आठवतं ना, ही किटली सापडेना म्हणून तू दाजी जाण्याआधीच्या आठवड्यात त्यांना किती बोललीस? नेसामावशीने सांगितलं, तू भर गल्लीत ओरडलीस, "माणसाला डोंगर आख्खा पाठ, पण किटली कुठे ठेवली ते आठवत नाही!" आणि दाजी नुसते हसत होते म्हणे.

आत तळाशी राख होती. भिजून वाळून सिमेंटसारखी.

मी ती घेऊन सरळ खाली गेलो. बाबा जागे होते.

"कुठे मिळाली?"

"पुलाखाली."

त्यांनी लोकरीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ओढ्यात टाकून द्यायचीस ना रे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझी राख मी ओळखतो. मी मुठीने टाकतो. पुलाच्या कडेला उरली होती ती ओतलेली होती, घाईत, भांड्याने."

तुकड्या-तुकड्याने सांगितलं, मधे मधे झोप लागत होती त्यांना. आदल्या आठवड्यात धुकं होतं. दोन मुली त्या कोऱ्या जागेत वाट चुकल्या, पलीकडची काठी दिसली नाही, डावीकडे कड्यावर गेल्या. दाजींनी त्यांना शेवटच्या क्षणी धरलं. परत आल्यावर बाबांशी भांडले. "मामंजी, मधे रेघ तोडून तुम्ही लोकांना कड्यावरून ढकलता." बाबा म्हणाले, "कडा दिसतो. पूल दिसत नाही. पुलावर राख टाकायची नाही." दुसऱ्या दिवशी दाजी तुझी किटली घेऊन एकटे गेले असणार. कोणी हरवू नये म्हणून, ताई. दुसरं काय कारण असणार? किटली तिथेच राहिली असणार. मग आठवडाभर लख्ख ऊन पडलं. बाबा तेव्हा खाली गवत कापत होते, वर बघायला गेले नाहीत. ते म्हणाले, "तेवढं माझं आहे. ते मी कुणाला देणार नाही."

मला राग आला. म्हटलं, वर्षभर ती तुमच्याशी बोलत नाही, नातीचं तोंड बघितलं नाहीत, आणि एक वाक्य सांगता आलं नाही तुम्हाला?

तेव्हा ते जे म्हणाले ते मी आहे तसं लिहितो.

"माझ्यावर रागावून ती जगू शकते. त्याच्यावर रागावून कशाच्या आधारावर जगेल? मेलेल्याशी भांडण मिटवता येत नाही, बाळा. माझ्याशी कधीही येईल."

कधीही म्हणाले. पिवळ्या डोळ्यांनी.

मी चार दिवस किटली फळीवर ठेवून तिच्याकडे बघतोय. बाबांचं ऐकावं तर तुझ्याकडे दाजी जसेच्या तसे राहतात आणि बाबा तसेच जातात. सांगावं तर हे असं. मला दोन्ही बरोबर वाटतात, आणि मी विचारावं अशी इथे फक्त तूच असतेस, आणि तू इथे नाहीस. दाजींवर रागावू नकोस. रागावलीस तरी हरकत नाही, मी आहे, माझ्यावर काढ, माझी पाठ मोकळीच असते.

पण ऑगस्टपर्यंत थांबू नकोस. नळीतला बर्फ तोवर राहत नाही आणि बाबाही राहत नाहीत. ते रोज वर फोन लावून घेतात, नेसामावशी त्यांच्या कानाला धरते. "नळी कुठपर्यंत पांढरी आहे?" खिडकीतून नळी समोर दिसते, पण आता नजर पोचत नाही. मी सांगतो. मग ते नेहमी तेच विचारतात, "आणि गावातली वाट?" पहिल्यांदा मला कळलंच नाही, गावातल्या वाटेला काय झालंय. मग कळलं की स्टेशनवरून येणारी वाट विचारतायत.

पत्र जलद टपालाने टाकायला त्या बेल्जियनाकडे देतोय, तो आज उतरतो. सँडल घालूनच.

दाराबाहेरच्या फळ्यावर बाबा खडूने लिहायचे तसं लिहितो, म्हणजे तुझ्या कार्डाला नीट उत्तर होईल.

मोठी नळी: बर्फ मऊ, पूल नाही. दुपारनंतर दगड. लहान मुलांना आणू नये.

स्टेशन ते गावातलं घर: वाट कोरडी. साध्या बुटांत चालेल. लहान मुलांना जरूर आणावं. लवकर निघावं.

किटली मी घासलेली नाही. ते तू कर, किंवा करू नकोस.

तुझा, शपथ मोडलेला,
कुर्दिन