आईनं भोपळा परत आणला

६ नोव्हेंबर, गुरुवार

करूला शाळेत घेतलं. दुसरीत, दिवाळीनंतरच्या सत्रापासून. बाईंनी विचारलं, "मराठी येतं का तिला?" म्हटलं, येतं की, घरात मराठीच बोलतो आम्ही. तेवढ्यात करू दाराकडं बोट करून म्हणाली, "पाहा, कोणीतरी येत आहे." बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. काय करणार? पोरगी जन्मल्यापासून ओडिशाच्या डोंगरात. तिथं मराठी कानावर पडतं ते आम्हा दोघांचं आणि रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचतो त्या बायबलचं. आमचं भांडणातलं मराठी उचललं असतं तरी चाललं असतं.

तिला एवढंच सांगितलंय, कोल्हापुरात आहोत तोवर शाळेत जायचं. २४ ला आम्ही परत निघणार आणि ती इथं माझ्या आईकडं राहणार, हे नाही सांगितलं. सतीश म्हणतात, "आधी रुळू दे, मग सांगू." आशू तीन वर्षांचा, तो आमच्याबरोबर. तिकडच्या शाळेत एकच मास्तर, तोही मनात आलं तर उगवतो. आमच्या मिशन संस्थेतल्या सगळ्यांचीच पोरं या वयात घर सोडतात. कुणी बोर्डिंगात, कुणी नातेवाइकांकडं. करू निदान सख्ख्या आज्जीकडं. सारखं हेच घोकतेय.

८ नोव्हेंबर, शनिवार

काल आईनं हौसेनं तांबडा रस्सा केला. करूनं एक घोट घेतला, कान लाल. आशू नुसत्या वासानंच रडला. करू म्हणाली, "आज्जी, पखाळ दे ना."
"ते आनि काय?"
मी सांगितलं, रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी कांदा-मिरचीबरोबर खायचा.
आई: "शिळा भात? पान्यातला? अगं, काय खायला घालतीस लेकरांना तिकडं!"
पण रात्री भात पाण्यात घालून ठेवला तिनं. सकाळी दोघांनी वाट्या चाटून पुसून खाल्ल्या. आई शेजारी बसून बघत होती. मग स्वतः एक घास खाल्ला आणि म्हणाली, "वाईट न्हाय."

आशू दिवसातनं चार वेळा गच्चीवर जातो आणि डोंगर कुठं गेले विचारतो. दूरवरनं पन्हाळा दाखवला. म्हणाला, तो आपला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये, आमच्या भाषेत देवळात, सगळे भेटले. सलाम करून करून हात दुखला. "मिशनरी ताई आल्या" म्हणून बायका गोळा झाल्या. मी याच गल्लीत लंगडी खेळलेली पोर, मला ताई काय! करू-आशूचे गालगुच्चे घेऊन घेऊन गाल सुजवले. पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या रविवारी हंगामाचा सण आहे, त्या दिवशी तुमची साक्ष ठेवू.

साक्ष म्हणजे तिकडच्या कामाचा वृत्तांत. सतीश गावोगाव सुवार्ता सांगत फिरतात, मी दवाखाना बघते. बोलायची सवय आहे मला. सतीशपेक्षा जास्तच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शाळेतली पोरं करूला "पाळकीणबाई" म्हणतात. एक पोरगा मारामारीत पडला तर ही जाऊन म्हणाली, "भिऊ नको, ऊठ." सगळा वर्ग हसला. मला वाटलं रडत येईल. कसलं काय! दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, हितं 'आहे' म्हणत न्हाईत. 'हाय' म्हणतात. मी बी म्हणणार." आईला इतका आनंद झाला की लगेच दुकानातनं बिस्किटाचा पुडा आणला.

आई बदललीय. अण्णा गेल्यापासून हे घर म्हणजे ती आणि रेडिओ. भाऊ पुण्यात, त्याला सवड नाही. आता सकाळी सहाला उठून करूचा डबा, वेणी, रिबिनी. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून ठेवलाय. विचारलं तर म्हणाली, "असू दे, लागंल." करूला काही बोलू नको, म्हणून बजावलंय तिला.

करू झोपताना: "माझ्या कोंबडीला माउसी दाणे घालते ना?" माउसी म्हणजे तिकडची शेजारीण. घालते म्हटलं. "परत जाईन तेव्हा पिल्लं मोठी झाली असतील." मी दिवा घालवायला उठले.

१६ नोव्हेंबर, रविवार

माझी जीभ झडायला हवी होती.

सकाळ छान गेली. हंगामाचा सण म्हणजे ज्याच्या घरी जे पिकलं त्यातलं पहिलं देवाला. वेदीपुढं टेबल भरलेलं. ऊस, गुळाची ढेप, पेरू, अंडी, पाय बांधलेला एक कोंबडा, तो प्रार्थनेतच आरवला. आईचा तांबडा भोपळा सगळ्यात मोठा. परसातल्या वेलाचा. आशूला त्यावर बसायचंच होतं.

मग माझी साक्ष. दवाखान्याचं सांगितलं, पावसात रस्ता वाहून जातो ते, बाळंतिणीला डोलीत घालून आणतात ते. लोक डोळे पुसायला लागले. आणि पुसलेले डोळे बघून मला चेव आला. सतीशनी शेजारनं पदर ओढला, तरी बोलले. म्हटलं, "ह्या वेळी आम्ही आमची करुणाही इथं ठेवून चाललोय, प्रभूच्या कामासाठी." कुणीतरी खणखणीत "आमेन" म्हणालं. मग सगळी मंडळी म्हणाली.

करू पहिल्या बाकावर होती. नवीन फ्रॉक, दोन रिबिनी. तिला हे तिथं कळलं. माझ्याकडनं नाही, माइकमधनं.

रडली नाही. नंतर लिलाव झाला, दरवर्षी होतो तसा. टेबलावरचं एकेक विकायचं, पैसे मंडळीच्या पेटीत. आईच्या भोपळ्याला शिंदेमामांनी बोली लावली, आईनं वाढवली. मामांनी मुद्दाम आणखी चढवली. "मावशी, तुमचाच भोपळा की ओ, तुमालाच कशाला?" आई म्हणाली, "तुमी गप बसा, मामा," आणि पुन्हा वाढवली. सगळे हसले. भोपळा आईनंच घेतला. रिक्षात मांडीवर घेऊन बसली. करू तिच्या शेजारी, एक हात भोपळ्यावर.

१७ नोव्हेंबर, सोमवार

करू शाळेला गेली नाही. सकाळपासून फक्त आशूशी बोलतेय, तेही उडियात. आईला कळत नाही, मला कळतं. त्याला सांगत होती, कोंबडीला तूच दाणे घाल, माउसी विसरते.

दुपारी वेणी घालायला बसवली तेव्हा माझ्याशी बोलली.
"आई, देवाला दिलेलं परत घेता येतं?"
"नाही गं."
"मग आज्जीनं भोपळा कसा घेतला?"
"तो लिलाव असतो. जास्त पैसे देऊन घ्यायचं."
"आज्जीला आधीपासून परत घ्यायचा होता?"
"हो. दरवर्षी घेते ती."
 मग म्हणाली, "तू मला कधी घेणार?"

 रिबीन बांधली, सोडली, परत बांधली. "उन्हाळ्यात येऊ आम्ही," एवढंच जमलं. तिनं मान हलवली, शहाण्या माणसासारखी. त्यापेक्षा तिनं मला चावायला हवं होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

करू शाळेला जायला लागली. भोपळा कोपऱ्यात तसाच. आईनं विळी घेतली की करू आडवी येते. "नको कापू." आई विळी ठेवून देते.

आज आईशी वाजलं. मीच सुरुवात केली, राग कुणावर तरी काढायचा होता. म्हटलं, "कशाला दरवर्षी स्वतःचाच भोपळा परत आणतेस? देवाला द्यायचं तर देऊन मोकळं व्हावं माणसानं."

भांडं घासता घासता म्हणाली, "येलाला लागल्यापास्नं रोज बघत आल्ते की त्याला. दुसऱ्याच्या घरात कापलेला कसा बघू?"
मग दुसरं भांडं ओढलं तिनं.
"तू गेलीस तवा बी समद्यांनी आमेन म्हटलं. मी न्हाय म्हटलं. कुनाच्या ध्यानात बी आलं न्हाय."

आम्ही ओडिशाला निघालो तो रविवार मला आठवतो. आई पहिल्या बाकावर, डोळे मिटलेले. मला वाटायचं प्रार्थना करतेय.

म्हटलं, मग करूला घेऊन जाऊ का आम्ही? तर एकदम उसळली. "मी आसं कुठं म्हटलं? ठिवून जा! मला काय नको झालीया? घर खायला उठतंय मला एकटीला." पदरानं नाक पुसलं. "पर पोरीला इच्यार की गं येकदा. मला कुनी इच्यारलं न्हाय."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

विचारलं. रंकाळ्यावर गेलो दोघीच, भेळ घेतली, आणि विचारलं.
"करू, इथं राहायला आवडेल तुला?"
अगदी विचार करून सांगितलं. शाळा आवडते. आज्जी आवडते. नळाला पाणी येतं ते आवडतं. वर्गातली रेश्मा आवडते, ती खोडरबर देते.
"मग राहशील?"
"आशू राहणार?"
"नाही."
"तू? बाबा?"
"नाही."
"मग विचारतेस कशाला?"
असं म्हणाली आणि भेळेतले शेंगदाणे वेचून माझ्या पुडीत टाकत बसली. मला शेंगदाणे आवडतात म्हणून.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सतीशशी बोलले. तिकिटं तिघांची आहेत, संस्थेला कळवून झालंय, मंडळीपुढं शब्द गेलाय, आणि तिकडं शाळा नाही. सगळं बरोबर आहे त्यांचं. शाळेचं तर मीच सगळ्यात आधी म्हणाले होते. पोरगी अडाणी ठेवायची का? मी घरी शिकवीन म्हटलं तर म्हणाले, "कधी? दवाखान्यातनं येऊन दुपारी तीनला तू जेवतेस."

मग म्हणाले, "मी सहाव्या वर्षापासून बोर्डिंगात होतो. काय वाईट झालं माझं?"

मी म्हटलं, "तुम्ही अजून दुसऱ्यांदा भाजी मागत नाही. लग्नाला दहा वर्षं झाली, अजून मलाच बघून वाढावी लागते."

 चुकलंच माझं. असं बोलायला नको होतं. पण खरं आहे ते. संध्याकाळी आशूला खांद्यावर घेऊन बराच वेळ गल्लीत फिरत होते, येताना करूसाठी नवी कंपासपेटी आणली. ती इथल्या शाळेसाठी की तिकडं न्यायला, ते विचारलं नाही मी. त्यांनाही माहीत नसावं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज निरोपाची प्रार्थना. पाळकसाहेब म्हणाले, "जाणाऱ्यांनी पुढं यावं." सतीश उठले, आशूला घेतलं. करू आईजवळ बसून राहिली. तिला कुणी बसून राहा म्हणालं नव्हतं. तिला बरोबर कळलं, जाणाऱ्यांत आपण नाही. मांडीवर हात ठेवून बसली होती, देवळात बसतात तशी.

मी पुढं गेले आणि माइक मागितला. पाळकसाहेबांना वाटलं आभार मानतेय.

काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं नक्की म्हटलं, "मागच्या रविवारी मी करुणाबद्दल बोलले. तिला न विचारता, न सांगता बोलले. तुमच्यापुढं बोलले म्हणून तुमच्यापुढंच तो शब्द परत घेते. पुढं काय करायचं ते आमचं ठरलेलं नाही. ती राहील, नाही तर येईल. पण तुम्ही आमेन म्हटलं म्हणून राहणार नाही."

देवळात पंख्याची घरघर तेवढी. शिंदेमामा खाली बघायला लागले. सतीश समोर कुठंतरी बघत होते, त्यांचा कान लाल झालेला. मला वाटलं, संपलं, आता या देवळात तोंड दाखवायची सोय नाही.

आणि आई म्हणाली, "आमेन."

केवढ्यानं! रस्त्यावर ऐकू गेलं असेल. करू गेली तर जिच्या कपाटाचा कप्पा रिकामाच राहायचा, ती म्हणाली. दुसरं कुणीच म्हणालं नाही. मी करूकडं हात केला, ती बाकावरनं उतरून आली. पाळकसाहेबांनी चौघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बिचारे दोनदा अडखळले.

 घरी जेवताना सतीश ताट पुढं करून म्हणाले, "भाजी वाढ अजून थोडी."

२४ नोव्हेंबर, सोमवार

गाडी संध्याकाळची. सतीश सकाळीच स्टेशनवर गेलेत. चौथं तिकीट मिळतंय का बघतो म्हणाले, नाही तर तिन्ही रद्द करून आठवडाभर थांबू, विचार करू. संस्थेत फोन करायचा राहिलाय. करूची शाळेची पिशवी दारात आहे, कपड्यांची पिशवीही दारात आहे.

करूनं स्वतःच भोपळा कोपऱ्यातनं ढकलत ढकलत आईपुढं आणला. "आज्जी, काप आता." आईनं विळी काढली. मग कापला. आतनं चांगला केशरी निघाला. दोघी मिळून घारगे करतायत, गूळ किसायचं काम करूकडं, त्यातला निम्मा आशूच्या पोटात.

मी पोळपाटापाशी बसून हे लिहितेय. आत्ता आईनं कढईतनं वर न बघता विचारलं, "वाटंला बांधायचं, का हितं डब्यात ठिवायचं?"

करूचा किसणीवरचा हात थांबला. माझ्याकडं बघतेय.

म्हटलं, "आधी तळ तर."